लॅपटॉप बदलण्याआधी अर्धा तास

"लॅपटॉप पार दमलाय, नवीन घेऊ का?" हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. समोरून फक्त "घेऊन टाक" ऐकायचं असतं. मी ते लगेच म्हणत नाही, म्हणून काही मंडळी मला चिक्कू समजतात. समजेनात का! हप्त्यांवर घेतलेल्या कोऱ्या लॅपटॉपवरही जुनीच कटकट चालू राहिलेली मी पाहिली आहे, आणि त्यातला एक लॅपटॉप माझाच होता.

गेल्या पावसाळ्यात मिरजेच्या एका तबलजी मित्राचा फोन आला. तो शिष्यांसाठी धडे रेकॉर्ड करतो. दोन माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस, आणि समोर तिपाईवर फोन लावून व्हिडिओ. लॅपटॉप २०१५ सालचा, आय५-५२००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. "अरे, इतकी वर्षं निमूट चालला, आता दोन मिनिटांची क्लिपसुद्धा अडकत अडकत दिसते," तो म्हणाला. मी विचारलं, कधीपासून? थोडा विचार करून म्हणाला, पाडव्यापासून. पाडव्याला काय झालं होतं? नवा फोन घेतला होता.

त्याच्या या फोनकडे पुढे परत यायचं आहे. त्याआधी तुमच्या लॅपटॉपकडे बघू.

पैसे काढण्याआधी अर्धा तास काढा. तुमचं नेहमीचं, त्यातल्या त्यात जड प्रोजेक्ट उघडा आणि शेजारी विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. आता रोजच्यासारखं काम करा: टाइमलाइन मागेपुढे सरकवा, ट्रॅक वाजवा, एखादं एक्स्पोर्ट लावा. काम अडलं की त्या क्षणी कुठला आकडा छताला टेकलाय ते कागदावर लिहून ठेवा. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-तीसवर रेंगाळतोय, तर दोष डिस्कचा. मेमरी काठोकाठ भरलीय आणि त्याच वेळी डिस्कही धडपडतेय, तर रॅम कमी पडतेय आणि मशीन डिस्कलाच रॅम म्हणून राबवतंय. व्हिडिओ नुसता वाजवताना प्रोसेसर शंभरावर, आणि ग्राफिक्सच्या पानावरचा 'व्हिडिओ डिकोड' हा आलेख मात्र जमिनीला चिकटलेला, तर व्हिडिओची फाइल ज्या पद्धतीने दाबून साठवलीय ती तुमच्या चिपला हार्डवेअरमधून उलगडता येत नाहीये. आणि सगळे आकडे शांत असूनही आवाज तुटत असेल, तर लॅपटॉपला शिव्या देण्याआधी केबल, हब आणि ड्रायव्हर तपासा.

हे शेवटचं मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून कट्‌कट् असा आवाज यायचा. दोन महिने सोसलं, मग नवा लॅपटॉप घेतला. पहिल्याच दिवशी तोच कट्‌कट् आवाज! कारण इंटरफेस मी त्याच दोनशे रुपयांच्या यूएसबी हबमधून नव्या लॅपटॉपला जोडला होता. हब काढून केबल थेट पोर्टमध्ये खोचली, आवाज बंद. जुना लॅपटॉप आजही घरात आहे आणि ठणठणीत आहे.

आता एक फुकटातलं दुखणं: उष्णता. चार-पाच वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात धुळीची गादी बसलेली असते, आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. लॅपटॉपमधले बहुतेक प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की जीव वाचवायला आपला वेग आपणच उतरवतात. याची खूण सोपी आहे. एक्स्पोर्ट पहिली दोन-तीन मिनिटं भराभर पळतं आणि मग बैलगाडी होते. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत साधन तापमान आणि वेग दोन्ही दाखवतं. सफाई आणि नवी पेस्ट एवढ्यावर मशीन पुन्हा मूळ वेगाला आलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. चार्जरकडेही एकदा बघा. मूळ चार्जर हरवल्यावर आणलेला कमी वॅटचा चार्जर काही लॅपटॉप ओळखतात आणि गुपचूप प्रोसेसर धीमा करतात. बॅटरीवर काम करतानाही वेग कमी असतो, म्हणून वरची परीक्षा चार्जर लावूनच घ्या. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर परीक्षाबिरीक्षा राहू द्या, लॅपटॉप बंद करून आधी ती बॅटरी काढून घ्या. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही.

डिस्कची गोष्ट थोडक्यात उरकतो, कारण तिथे वादाला जागाच नाही. लॅपटॉपमधली जुनी फिरती हार्ड डिस्क सलग वाचायला सेकंदाला शंभरेक एमबी देते, आणि विखुरलेल्या बारीकसारीक फाइली वाचायच्या झाल्या की त्याच्या शंभराव्या हिश्शावर येते. साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या घरात जाते आणि बारीक फाइलींनी तिचं फारसं बिघडत नाही. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर बाकी काहीही ठरवण्याआधी ती काढून एसएसडी टाका. उद्या नवा लॅपटॉप घेतलात तरी ती एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून वापरता येते, म्हणजे पैसे पाण्यात जात नाहीत. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला जुना लॅपटॉप असेल तर आणखी मजा: ड्राइव्ह काढून त्या जागी डिस्क धरणारी चौकट, म्हणजे कॅडी, बसते आणि जुनी हार्ड डिस्क साठवणीला तिथे राहते. कॅडी ९.५ मिलिमीटर जाडीची लागते की १२.७, हे ड्राइव्ह बाहेर काढून मोजूनच दुकानात जा. एम.२ खाच असेल तर तिथे एनव्हीएमई चालते की फक्त साटा, हे मॉडेल नंबरवरून पाहून घ्या. दोन्ही पट्ट्या दिसायला बहिणी-बहिणी असतात आणि चुकीची घरी आली की दुकानदाराशी हुज्जत ठरलेली. अनोळखी नावाची, अशक्य स्वस्त दोन टीबीची एसएसडी ऑनलाइन दिसली तर पुढे जा. आत बहुधा मेमरी कार्ड निघतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे आणखी एक मोफत साधन. त्याने हार्ड डिस्कच्या प्रकृतीपुढे 'कॉशन' दाखवलं, तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी सगळ्या कामाची दुसरीकडे प्रत काढा. बाकी चर्चा नंतर.

रॅमच्या बाबतीत लोकांचा समज असा की जितकी जास्त तितका वेग. तसं नसतं. रॅम म्हणजे ओटा. स्वयंपाक ओट्यावर मावत नसेल तर ओटा वाढवून फरक पडतो, पण मावत असताना वाढवून पोळ्या लवकर होत नाहीत. ८ जीबीत साधं ध्वनिसंपादन आणि हलका १०८० पी व्हिडिओ होतो, तेही ब्राउझरच्या तीस खिडक्या बंद ठेवल्यात तर. व्हिडिओचं नियमित काम असेल तर १६ जीबीपर्यंत जाणं फायद्याचं. दा विंची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी १६ हा उंबरठाच समजावा, आणि त्यातलं फ्यूजन वापरायचं तर ३२. ज्यांच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे त्यांनी एकच मोठी पट्टी लावण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या लावाव्यात. ते ग्राफिक्स याच रॅममधून उसनं घेतं आणि दोन पट्ट्यांमुळे वाट रुंद होते. डीडीआर३एल आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. कितीतरी सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, तिथे विषयच संपतो. आणि सध्या रॅम घ्यायला वेळही वाईट आहे. २०२५च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती जगभर चढल्या आहेत. मागच्या वर्षी ऐकलेला भाव डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका. जुन्या लॅपटॉपला लागणारी डीडीआर३एल वापरलेली चालत असेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून पाहा, आणि पट्टी तिथेच लावून, मशीन सुरू करून मगच पैसे द्या.

आता आवाज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नव्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त अनावश्यक खर्च ध्वनीवाले करतात असं माझं मत आहे.

हिशेब करून बघा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटचा एक ट्रॅक सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट घेतो. सोळा माइकांचं आख्खं भजनी मंडळ एकाच वेळी रेकॉर्ड केलंत तरी सेकंदाला २.३ एमबी. तासाभराचे ८ जीबीच्या आसपास. एवढं तर ती बिचारी जुनी हार्ड डिस्कही झोपेत लिहील. म्हणजे नुसत्या रेकॉर्डिंगला, पॉडकास्टला, ऑडिओबुकला, कीर्तन-व्याख्यानाच्या संपादनाला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आजही पुरतो. अडचण दोनच ठिकाणी येते.

पहिली अडचण बफरची. आवाज लॅपटॉपमध्ये थेंबाथेंबाने जात नाही, बादल्या भरून जातो. १२८ नमुन्यांची बादली ४८ किलोहर्ट्‌झला २.७ मिलिसेकंदांत भरते, १०२४ची २१ मिलिसेकंदांत. बादली मोठी असली की प्रोसेसरला उसंत मिळते आणि आवाज तुटत नाही. पण गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज उशिरा पोचतो. २१ मिलिसेकंदांत आवाज हवेतून सात मीटर जातो. म्हणजे आपला तबला आपल्यालाच सभागृहाच्या सहाव्या-सातव्या रांगेत बसून ऐकू यावा तसं होतं, आणि जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर त्याहूनही लांब. अशाने लय कोण सांभाळणार? उपाय जुनाच आहे. रेकॉर्ड करताना बफर छोटा ठेवा आणि प्रकल्पातले जड इफेक्ट बंद करा, मिक्सिंगला बसलात की बफर १०२४वर न्या. शिवाय बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'चं बटण किंवा खटका असतो, त्याने आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो. हे बटण वापरलं तर बफरची चिंता निम्मी संपते. कित्येकांनी ते कधी दाबूनच पाहिलेलं नसतं.

दुसरी अडचण प्लगइनांची. एका गाण्यावर चाळीस ट्रॅक, प्रत्येकावर तीन-चार इफेक्ट, वर तानपुरा, तबला आणि व्हायोलिनांच्या सॅम्पल लायब्ररी. इथे जुना प्रोसेसर खरंच गुडघे टेकतो. तरी आधी 'फ्रीझ' वापरून बघा. ज्या ट्रॅकचं काम झालंय तो इफेक्टांसकट शिजवून साधी ऑडिओ फाइल करून ठेवायची, बदल हवा असला की परत मोकळा करायचा. रीपर, लॉजिक, क्यूबेस सगळ्यांत ही सोय कुठल्या ना कुठल्या नावाने आहे. लायब्ररींचं मात्र वेगळं: त्या रॅम खातात आणि एसएसडी मागतात. तुम्ही लायब्ररींवर संगीत बांधत असाल, तर १६ जीबी आणि एसएसडी हा तुमच्यासाठी चैनीचा खर्च नाही.

विंडोजवर एवढं करूनही आवाज तुटत असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर घातलाय ना ते पाहा, आणि लेटन्सीमॉन नावाचं साधन दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून बसतो त्याचं नाव ते सांगतं. पुष्कळदा नाव वाय-फायचं निघतं. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद, काम फत्ते.

आता व्हिडिओ, आणि मिरजेचा तो फोन.

गंमत बघा. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ नव्या एच.२६५ पद्धतीने घेतला तर मिनिटाला साधारण १७० एमबी होतात. म्हणजे सेकंदाला २.८ एमबी. वरचं सोळा माइकांचं भजनी मंडळ जेवढं होतं, जवळजवळ तेवढंच! मग डिस्कला न जाणवणारा हा व्हिडिओ लॅपटॉपला का झेपत नाही? कारण त्या २.८ एमबीतून प्रोसेसरला दर सेकंदाला पंचवीस कोटी ठिपके उलगडून काढायचे असतात.

उलगडायचे कसे, तर किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला पूर्ण बाकी लिहिलेली असते. पुढे रोज फक्त फरक: आज साखर नेली, काल दोनशे दिले. तेवीस तारखेची बाकी विचारली तर दुकानदाराला पहिल्या तारखेपासून बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. फोनमधला एच.२६४ आणि एच.२६५ व्हिडिओ असाच असतो. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल. सरळ बघताना बेरीज ओघात होत राहते, म्हणून तीच क्लिप प्लेअरमध्ये सुरळीत दिसते. संपादनात तुम्ही मध्येच उडी मारता, उलटे जाता, दोन क्लिपा एकावर एक ठेवता. दर वेळी वही पहिल्यापासून. "प्लेअरमध्ये चालतं, एडिटिंगमध्ये का अडकतं?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

ही बेरीज करायला चिपमध्ये वेगळा मुनीम बसवलेला असेल तर मुख्य प्रोसेसरला काही कळतही नाही. इंटेलच्या चिपमध्ये एच.२६४चा मुनीम निदान २०११पासून आहे. एच.२६५चा, म्हणजे एचईव्हीसीचा, पुरता कामाचा मुनीम आला सहाव्या जनरेशनला, २०१५मध्ये, तोही ८ बिटपुरता. १० बिटचा आला सातव्या जनरेशनला. आणि आयफोन २०१७पासून एचईव्हीसीमध्ये चित्रीकरण करू लागले, पाठोपाठ इतर फोनही. माझ्या मित्राचा प्रोसेसर पाचव्या जनरेशनचा. त्याचा जुना फोन १०८० पी एच.२६४ देत होता, नवा ४के एचईव्हीसी देऊ लागला. लॅपटॉप होता तिथेच होता, बदलला होता फोन.

मी त्याला फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जायला सांगितलं. एचईव्हीसीऐवजी 'मोस्ट कम्पॅटिबल', आणि ४केऐवजी १०८० पी. शिष्य धडे मोबाइलवर बघतात, तळहाताएवढ्या पडद्यावर ४केचं काय करायचंय? नंतर एक एसएसडी टाकून घेतली. तबल्याचे धडे पूर्ववत सुरू झाले.

पण तुमचं गिऱ्हाईक ४के मागत असेल तर? तेव्हा प्रॉक्सी. संपादनाच्या प्रोग्रॅमला सांगायचं की मूळ फाइलींच्या लहान, हलक्या नकला कर, प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी पद्धतीच्या. यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, रोजची बाकी रोज लिहिलेली. नकला करायला तास-दोन तास लागतात, ते जेवणाच्या वेळी किंवा रात्री लावून द्या. डिस्कवर जागाही बरीच खातात. पण मग तोच म्हातारा लॅपटॉप टाइमलाइनवर पळतो, आणि शेवटी एक्स्पोर्ट मूळ फाइलींतूनच होतं, दर्जा जात नाही. रिझॉल्व्ह, प्रीमिअर, केडेनलाइव्ह, सगळ्यांत ही सोय आहे. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काम बघणारं गिऱ्हाईक नसेल तर प्रॉक्सीवर कित्येक वर्षं निघतात.

आणखी एक दुखणं लॅपटॉपच्या नावावर खपतं. व्हिडिओ सुरू होताना ओठ आणि आवाज जुळलेले, विसाव्या मिनिटाला आवाज पुढे-मागे. बरेच फोन ठरावीक ३० फ्रेम न घेता प्रकाशाप्रमाणे कमीजास्त फ्रेम घेतात, आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज त्याशी जुळत नाही. हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल एकदा काढून घ्या. दोन लाखांच्या लॅपटॉपवरही हे असंच करावं लागेल.

कुठे मात्र जुन्याला हात जोडायचे? माझ्या ओळखीतला एक लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा. लॅपटॉपवर आय७चा स्टिकर, म्हणून त्याला वाटायचं मशीन भारी आहे. चिप होती आय७-७५००यू. ही आय७ असूनही दोनच कोअरची. पुढच्याच वर्षी आलेल्या आय५-८२५०यूमध्ये चार कोअर आहेत. स्टिकरवरच्या ३-५-७ला भुलू नका. त्यापुढचा आकडा जनरेशन सांगतो, शेवटचं 'यू' म्हणजे कमी विजेवर चालणारी चिप आणि 'एच' म्हणजे दमदार. या मुलाने नवा मिररलेस कॅमेरा घेतला होता, तो १० बिट ४:२:२ एच.२६५ देतो. लॅपटॉपांत ही पद्धत खात्रीने हार्डवेअरमध्ये उलगडते ती इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत तर थेट २०२५च्या ५० मालिकेपासून. त्याला मी विचार न करता "घेऊन टाक" म्हटलं. त्याच्याकडे चार दिवसांत तीन लग्नं असतात, प्रॉक्सी करत बसायला वेळ नाही, आणि लॅपटॉपमधला प्रोसेसर आणि ग्राफिक्स बदलता येत नाहीत. तिथे रॅम आणि एसएसडीवर पैसे घालणं म्हणजे मोडक्या गाडीला नवं सीटकव्हर.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, हेही हिशेबात धरायला हवं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच बसतं, जुन्यांत अपवाद मोजकेच. घरगुती वापरासाठी सुरक्षेची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या लॅपटॉपवर आज मोठा खर्च करताना ही तारीख डोळ्यांसमोर ठेवा. केवळ रेकॉर्डिंगचं मशीन असेल तर इंटरनेट तोडून विंडोज १० वापरत राहणं मला गैर वाटत नाही. लिनक्सचीही वाट आहे. रीपर, आर्डर, केडेनलाइव्ह तिथे छान चालतात. मात्र रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एएसी घेत नाही, म्हणजे फोनच्या फाइली आधी बदलून घ्याव्या लागतात.

मॅकवाल्यांचं ठरवणं सोपं. रॅम बदलता येणारा शेवटचा मॅकबुक प्रो २०१२च्या मध्यातला, रेटिना नसलेला. त्यानंतरच्या मॅकबुक प्रो आणि एअरमध्ये जी रॅम आली तीच कायमची. इंटेलच्या मॅकसाठी २०२५चं टाहो हे शेवटचं मॅकओएस. इंटेल मॅकवर व्हिडिओ करत असाल आणि तो रडत असेल तर त्यात आता पैसा घालू नका. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या एम१चा वापरलेला एअरसुद्धा फोनचा ४के एचईव्हीसी सहज उलगडतो. पण त्याची रॅम आणि साठवण नंतर वाढत नाही, म्हणून ८ जीबीचा स्वस्त मिळतोय म्हणून लगेच उचलू नका, १६चा शोधा.

खर्चाचा माझा स्वतःचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. सफाई, एसएसडी आणि रॅम मिळून जो आकडा होतो तो बदली लॅपटॉपच्या किमतीच्या पाव भागाच्या आत असेल आणि मशीन आणखी दोन वर्षं तुमचं रोजचं काम उचलेल असं त्या अर्ध्या तासाच्या परीक्षेतून दिसत असेल, तर अपग्रेड करा. पावाच्या वर गेला, किंवा बिजागऱ्या, स्क्रीन, बॅटरी अशी चौथी-पाचवी वस्तू यादीत आली, तर थांबा. बदली लॅपटॉप कोराच हवा असंही नाही. मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून परत केलेले दणकट ऑफिस लॅपटॉप बाजारात येतात, त्यांत रॅमच्या दोन खाचा आणि उघडायला सोपी पाठ असते. आवाजाच्या कामाला मी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा असा वापरलेला केव्हाही पसंत करतो. रंगांचं काम करणाऱ्यांनी मात्र त्याची स्क्रीन आधी पाहावी. पुष्कळ ऑफिस लॅपटॉपांची स्क्रीन पूर्ण एसआरजीबी दाखवत नाही, आणि हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा तिथे फिक्का दिसतो.

कोरा घ्यायचाच ठरला तर व्हिडिओसाठी १६ जीबी किमान, रॅमची निदान एक खाच मोकळी, आणि एसएसडीची दुसरी जागा. दुकानात जाताना तुमच्या कॅमेऱ्याची किंवा फोनची खरी क्लिप पेनड्राइव्हवर घेऊन जा, आणि टास्क मॅनेजरमधला तो डिकोडचा आलेख हलतो का ते तिथेच बघा. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

एक विनंती. अपग्रेड असो की नवी खरेदी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात किंवा लग्नसराईच्या मध्यावर मशीन उघडू नका. प्रोजेक्टांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्या, प्लगइनांचे परवाने आणि पासवर्ड वहीत लिहून काढा, आणि जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका. तुमच्या त्या चाळीस ट्रॅकांतला एखादा तिथेच राहिलेला असतो.